मंदाबाईच्या हातातला फ्लॅश

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. हिंगणघाटला कापूस बाजाराच्या वळणावर ताराचंदांचे फोटोचे दुकान आहे. आत शिरल्यावर उजव्या हाताच्या फळीवर मी उभा दिसेन. नवखे गिऱ्हाईक मला हातबॅटरी समजते. एका म्हाताऱ्या बाईंनी तर मला हातच जोडले होते; माझ्या डोक्यामागची चकचकीत तबकडी पाहून त्यांना मी कुण्या देवाचा मुखवटा वाटलो. मी देव नाही आणि हातबॅटरीही नाही. कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की तो क्षणभर पुरवायचा, एवढेच माझे काम.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मोठे युद्ध चालू होते आणि फौजेतल्या फोटोवाल्यांसाठी माझ्यासारखे ढिगाने बनत होते. माझे अंग म्हणजे एक लोखंडी नळी. तिच्या पोटात सेल बसतात, पाठीवर लाल बटण आहे आणि डोक्यावर खाच आहे. त्या खाचेत लिंबाएवढा काचेचा बल्ब बसवतात. बल्बच्या आत केसासारख्या तारेचा गुंता असतो. बटण दाबले की तो फट्‌कन पेटतो आणि डोळ्यांपुढे सगळे पांढरेशुभ्र होते. मात्र एक बल्ब एकदाच जळतो. नंतर त्याची काच फोडासारखी फुगते आणि तो फेकावा लागतो.

युद्ध संपले आणि आमचे लिलाव झाले. या गाठोड्यातून त्या गाठोड्यात जाताना उजेड पुढे फेकणारी माझी तबकडी कुठेतरी हरवली. बिनतोंडाचा मी नागपुरात सीताबर्डीवर, हिरालाल नावाच्या दुकानदाराकडे येऊन पडलो. मोडक्या सामानाच्या टोपलीत किती वर्षे गेली, मला सांगता येणार नाही. लोक टोपलीत हात घालत, मला उचलत, तोंड नाही असे पाहून पुन्हा खाली टाकत. कुणी विचारलेच तर हिरालाल म्हणायचे, "छोडो, ते कामाचं नाई."

इकडे हिंगणघाटला ताराचंद फोटो काढत होते. फौजेत असताना ते ही कला शिकले आणि येताना घडीचा एक कॅमेरा सोबत घेऊन आले. घरामागच्या अंगणात पडदा टांगून ते उन्हात फोटो काढत. चेहरे मोठे सुरेख यायचे. पण लग्ने लागतात गोरज मुहूर्तावर, गुरे घरी परतण्याच्या वेळेला. तेव्हा नेमका उजेडच नसतो. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडचे लग्न त्यांनी असेच काढले. फोटो धुतल्यावर त्यात नवरदेवाच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता, बाकी सगळी काजळी. व्यापाऱ्याने तो फोटो भर बाजारात उंच धरून लोकांना दाखवला. लोक हसले. त्या हंगामात ताराचंदांना एकाही लग्नाचे बोलावणे आले नाही.

ताराचंदांची बायको मंदाबाई. त्या कमी बोलत. पण नवरा दुकानात नुसता बसून राहू लागला तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता अंधारासाठी काई तरी घ्या ना. मी बी येतो संगं."

अशी ती दोघे रेल्वेने नागपूरला आली आणि हिरालालांच्या दुकानाची पायरी चढली. मी टोपलीतून सगळे ऐकत होतो.

हिरालालांनी आधी सगळ्यात नवा माल काढला. विजेचा फ्लॅश! वर दिवा आणि खांद्याला अडकवायची जड पेटी. "याले बल्बच लागत नाई," ते म्हणाले, "बटन दाबत जा, उजेड पडत जाईन." ताराचंदांचे डोळे चमकले. त्यांनी पेटी खांद्याला लावूनही पाहिली.

मंदाबाईंनी विचारले, "हे खाते काय?"

"वीज. घरी लावून ठेवा, भरते."

"अन् खेड्यात संपलं तं? आपले गिऱ्हाईक वडनेरचे, अल्लीपूरचे. तिथं कुठी हाय वीज?"

हिरालालांनी कान खाजवला. त्या पेटीच्या किमतीत बैलाची चांगली जोडी आली असती, हेही मंदाबाईंना कळले होते. पण ते त्या बोलल्या नाहीत. ताराचंदांनी पेटी हळूच खाली ठेवली.

मग पेटवायची भुकटी निघाली. ती अगदी स्वस्त होती. पत्र्यावर ओतायची आणि काडी लावायची. तिला मात्र ताराचंदांनीच नकार दिला. फौजेत त्या भुकटीने एकाच्या भुवया जळालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. "मांडवातल्या वाळल्या डहाळ्याले लागली तं लग्नघर पेटन," ते म्हणाले. त्यानंतर आला बल्बचा कोरा करकरीत फ्लॅश, वायर असलेला. वायरीचे टोक कॅमेऱ्यात खोचायचे. पण ताराचंदांच्या कॅमेऱ्याला खोचायला भोकच नव्हते. तो फार जुना होता. आता हा फ्लॅश घ्यायचा तर कॅमेराही नवा हवा.

मला वाटले, ही दोघे आता रिकाम्या हातांनी परत जाणार. तेवढ्यात मंदाबाई टोपलीपाशी वाकल्या आणि त्यांनी मला उचलले.

"हे काय होय?"

"बाई, ते जुनं होय. त्याले तोंडच नाई."

"याच्यात सेल कोनते लागते?"

"साधे. हातबॅटरीचे."

"म्हंजे किराण्याच्या दुकानात भेटन. अन् बिघडलं तं?"

हिरालालांनी माझे बूड फिरवून काढले आणि माझे पोट त्यांना दाखवले. एक स्प्रिंग, एक तार आणि बटणाची पितळी पट्टी. "बिघडाले आत काई हायच कुठी?" ते म्हणाले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याविषयी कुणी बोललेले ते पहिले चांगले वाक्य. हिरालाल सरळ मनाचे होते. त्यांनी पुढचेही सांगितले. "बल्ब मातर एकएक जपून जाळा लागन. फोटोच्या भावात बल्ब धराचा, नाई तं डुबान." मंदाबाईंनी मान हलवली. मला एका फडक्यात गुंडाळले गेले आणि मी पहिल्यांदा आगगाडीत बसलो.

हिंगणघाटला मंदाबाई मला चिंधू कल्हईवाल्याकडे घेऊन गेल्या. भांडी कल्हई करणारा तो माणूस भाता थांबवून मला उलटासुलटा करून पाहू लागला. मंदाबाईंनी पदराआडून एक चेपलेली पितळी काढली. जेवायची, घरातली. "हिचं याले तोंड करून दे," त्या म्हणाल्या. चिंधूने ती ठोकून पसरट वाटीसारखी केली, मधोमध भोक पाडले, नवसागर टाकला आणि आतून अशी काही कल्हई फिरवली की वाकून पाहणाऱ्याला आपली पापणीसुद्धा दिसावी. "वर्साले एकदा आनत जा," तो म्हणाला, "भांड्याची कल्हई जाते तशी याची बी जाईन." माझे अंग परदेशी, पण तोंड हिंगणघाटचे. ते मला आजही अंगापेक्षा आवडते.

आता प्रश्न होता वायरीचा. कॅमेऱ्याला भोकच नसल्याने मलाही ती लावता येणार नव्हती. पण ताराचंदांच्या कॅमेऱ्याला एक सोय होती. खटका दाबून धरला, की धरून ठेवाल तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहतो. अंधारात तो उघडायचा, लगेच मला पेटवायचे आणि डोळा मिटायचा. माझ्या उजेडात जे दिसेल तेच फिल्मवर उतरते. मात्र खटका एकाच्या हातात आणि मी दुसऱ्याच्या. दोघांनी एका श्वासात काम करायला हवे. ताराचंद "हं" म्हणत आणि मंदाबाई बटण दाबत. बल्ब वाया जाऊ नये म्हणून त्या रिकाम्या खाचेनेच सराव करत. पाटावर पाणी ठेवताना, चूल फुंकताना मध्येच ताराचंद "हं!" म्हणायचे आणि मंदाबाईंचा अंगठा हवेत दाबला जायचा. मग दोघेही हसत.

पहिल्याच लग्नात नवरीच्या नथीतला मोतीन् मोती दिसला. बोलावणी पुन्हा येऊ लागली. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत पुरुषाला जाता येत नसे. तिथे मंदाबाई एकट्याच कॅमेरा आणि मला घेऊन जाऊ लागल्या. कॅमेरा तिपाईवर ठेवून डाव्या हातात खटक्याची लांब तार धरायची आणि उजव्या हाताने मला उंच करायचे, हे त्यांना जमू लागले. फिल्म धुणेही त्या शिकल्या. पण गिऱ्हाईक पैसे देताना म्हणायचे, "ताराचंदनं काढलेला फोटो." मंदाबाई पैसे मोजून डब्यात टाकत.

नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात वडनेरहून तानबा दुकानात आले. सोबत बायको आनंदाबाई. तानबा उंच, सरळ, खणखणीत आवाजाचे. आनंदाबाई पुढे चालत होत्या आणि तानबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांच्या नलूचे लग्न होते, नव्या पद्धतीने, पांढऱ्या कपड्यांत. नलूचा भाऊ हरिदास फौजेत, तिकडे काश्मीरच्या बाजूला. त्याला सुटी मिळाली नव्हती.

"त्याच्यासाठी फोटो पायजे," तानबा म्हणाले. "घरचे, सोयरे, शेजारी, सारे त्याच्यात आले पायजे. पोरगा तिकडं एकएक तोंड पाहीन."

ताराचंदांनी नमुन्याचे फोटो पुढे केले. तानबांनी ते हातातही घेतले नाहीत. "दाखवून काय करता? तुमी काढजा म्हंजे झालं."

लग्नाच्या आदल्या दिवशी ताराचंदांना हिवतापाने धरले. दोन गोधड्या अंगावर घेऊनही ते थडथडत होते. दुसरा फोटोवाला आता मिळणार नव्हता. मंदाबाईंनी आपल्या आईला नवऱ्याजवळ बसवले, कॅमेरा काखेत मारला, मला पिशवीत घातले आणि वडनेरची मोटार पकडली.

वडनेरच्या मांडवात त्या एकट्याच उतरलेल्या पाहून कुजबुज सुरू झाली. "ताराचंद काऊन नाई आला?" "बाई काढन फोटो?" एक पाहुणे तर मोठ्यानेच म्हणाले, "जाऊ द्या बाप्पा, आता कायचा फोटो!" तेव्हा तानबा पुढे आले. "मले पोराले फोटो धाडाचा हाय. बाईनं काढला का गड्यानं, त्याले काय करा लागते? काढ वो माय."

दिवसभर वैशाखाचे ऊन असे होते की अंगणात पाय ठेववत नव्हता. ते उतरल्यावर लग्न लागले. त्रिशरण झाले, पंचशील झाले, आणि सूर्य बुडाल्यावर सगळे अंगणात दाटीने उभे राहिले. मधोमध नलू आणि नवरदेव. नलूच्या खांद्यावर हात ठेवून तानबा. पोरे पुढे बसलेली.

मंदाबाई तिपाईच्या बाजूला एका पाटावर चढल्या. मला त्यांनी डोक्यापेक्षा उंच धरले. "साऱ्यायनं कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहाचं. हलू नका. हं!"

खटका उघडला. बटण दाबले गेले. आणि मी पेटलोच नाही.

मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. बल्ब चांगला होता, सेल नवे होते. पण पिशवीतल्या प्रवासात माझ्या खाचेत धूळ बसली होती आणि वीज बल्बपर्यंत पोहोचत नव्हती. पोरे खिदळली. ते मघाचे पाहुणे खाकरले. अंधार दाटत चालला होता. आणखी थोडे थांबले असते तर दाटीतली माणसे नुसत्या सावल्या झाली असती आणि कोण कुठे उभे आहे हेही मंदाबाईंना कळले नसते.

त्या घाबरल्या होत्या, हे त्यांच्या नाडीवरून मला समजत होते. पण त्यांनी घाई केली नाही. बल्ब काढला. केसातला आकडा ओढून माझी खाच खरवडली. बल्बचे बूड जिभेला लावून ओले केले आणि पदराने रगडले. फिल्म पुढे सरकवली. बल्ब परत बसवला. पुन्हा पाटावर चढून त्या ओरडल्या, "पाहा आता! हं!"

मी पेटलो. चिंधूच्या कल्हईने माझा उजेड अंगणाच्या पार टोकापर्यंत नेला. गोठ्यातली गाय हंबरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हिंगणघाटला फोटो धुतला तेव्हा मंदाबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळे आले होते, एकूणएक. पण नीट पाहिल्यावर त्या उदास झाल्या. सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे होती. तानबा तेवढे भलतीकडेच, पाटाच्या दिशेला तोंड करून उभे. "घरधन्याचाच फोटो बिघडला," त्या म्हणाल्या. ताराचंद तापातून उठले होते. त्यांनी समजावले, पण मंदाबाईंनी वडनेरला निरोप धाडला की पैसे अर्धेच द्या. तानबांनी मात्र पुरे पाठवले आणि फोटो हरिदासकडे रवाना झाला.

कापसाच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या तेव्हा एक दिवस फौजी कपड्यातला एक तरुण दुकानात शिरला. त्याने खिशातून तोच फोटो काढून फळीवर ठेवला. कोपरे मऊ पडले होते.

"हा कोनं काढला?"

ताराचंदांनी तोंड उघडायच्या आत मंदाबाई पुढे झाल्या. "मी काढला, भाऊ. चूक माही हाय. बाबा दुसरीकडं पाहून राह्यले होते, मले समजलं नाई. पुन्हा काढून देतो, पैसे नको."

हरिदासने मान हलवली. "बाबा दुसरीकडं नाई पाह्यले, बाई. तुमचा आवाज जिथून आला तिथं पाह्यले. त्यायले दिसतच नाई."

हरिदास पुढे सांगू लागला. दोन वर्षांपासून तानबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. पोरगा काळजीने नोकरी सोडून येईल म्हणून त्यांनी घरच्यांना बोलू दिले नव्हते. गावात पायाखालच्या वाटेने ते चालत, परगावी आनंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवत. "मी हा फोटो रोज पाहे," हरिदास म्हणाला. "साऱ्यायचे डोळे मायाकडं अन् बाबाचेच नाई, हे काऊन? एक दिवस टक्कन ध्यानात आलं. मंग सुटी मागतली. उद्या त्यायले वर्ध्याच्या दवाखान्यात नेतो."

तो गेल्यावर मंदाबाईंनी मला फळीवरून काढले आणि काही कारण नसताना पदराने पुसले.

थंडी सरता सरता तानबा आले. या वेळी आनंदाबाई मागे होत्या आणि तानबा पुढे. नाकावर जाड भिंगाचा चष्मा. एका डोळ्याचे काम झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. त्यांनी दुकानातली प्रत्येक वस्तू हात मागे बांधून पाहिली. मग म्हणाले, "माय, तो फोटो दाखवतं का? हरिदास त्याचा घेऊन गेला. मी पाह्यलाच नाई."

मंदाबाईंनी दुसरी प्रत काढून दिली. तानबांनी ती चष्म्याजवळ नेली. "हे नलू," ते म्हणाले, आणि जरा थांबले. "लुगडं बरं दिसते इले." मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ते नावे घेऊ लागले. बोट एका जागी अडले.

"अन् हा नलूच्या मांगचा बुढा कोन होय?"

आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमीच होय ना!"

तानबांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. नजर गेली तेव्हा त्यांच्या मिशा बऱ्याचशा काळ्या होत्या; फोटोत त्या पांढऱ्या दिसत होत्या. "मी?" ते म्हणाले. "बाप्पा, इतका बुढा झालो अन् मले कोनी सांगतलं बी नाई?" आणि ते असे मोठ्याने हसले की बाजारातली माणसे दारात डोकावली. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आनंदाबाईंना शेजारी ओढले. "काढ माय आमचा दोघायचा. आता बराबर पाहातो."

मंदाबाईंनी आतल्या खोलीत पडदा लावला. ताराचंदांनी खटक्याची तार स्वतःच्या हातात घेतली नाही, ते नुसते बाजूला उभे राहिले आणि आलेल्या माणसांना म्हणाले, "सरका, बाईले काम करू द्या." मंदाबाईंनी "हं" म्हटले आणि मी पेटलो. फोटो धुतल्यावर दिसले, की आनंदाबाई छान हसताहेत आणि तानबांनी येणाऱ्या उजेडाच्या धास्तीने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आहेत. दुसरा काढू म्हटले तर ते ऐकेनात. तोच फोटो चौकटीत बसवून घेऊन गेले.

मित्रांनो, आता हिंगणघाटलाही विजेचे फ्लॅश आले आहेत. ताराचंदांनीही एक घेतला आहे. शहरातल्या लग्नांना तोच जातो आणि मी महिना महिना फळीवर असतो. वाईट वाटते का, असे विचाराल तर थोडे वाटते. पण वीज नसलेल्या गावाचे बोलावणे आले की मंदाबाईंचा हात माझ्याकडेच येतो, आणि आता पावतीवर नाव त्यांचेच असते.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. ती ठेवून देताना पोटातले सेल आधी काढा, नाही तर ते पाझरून आतून गंज चढवतात. तिच्या खाचेतली धूळ झाडा, कल्हई गेली असेल तर करून आणा. आणि एखाद्या दिवशी ती चालली नाही, तर लगेच फेकू नका. आधी उघडून पाहा. बहुतेक वेळा जरासे खरवडावे लागते, एवढेच.